रवा एक, वजन वेगळे : बदलत्या वजनाच्या मालाचा गोदामातील हिशोब

कोल्हापूरच्या बाजारात गुळाचा सौदा निघतो तेव्हा भाव वजनावर ठरतो, पण हमालाच्या खांद्यावर चढतो तो रवा, म्हणजे गुळाची अख्खी ढेप. म्हणून अडत्याच्या वहीत रव्यांची संख्या एका रकान्यात असते आणि मापाड्याने काट्यावर घेतलेले वजन दुसऱ्या रकान्यात. तीस किलोचा म्हणून ओळखला जाणारा रवा काट्यावर कधी २९ किलो ४०० ग्रॅम भरतो, तर कधी ३० किलो ६०० ग्रॅम. गुऱ्हाळावर गरम गूळ साच्यात भरणाऱ्या हाताचा तो अंदाज असतो आणि बाजारात त्याबद्दल कोणाची तक्रारही नसते, कारण प्रत्येक व्यवहाराच्या वेळी माल काट्यावर चढतोच. अडचण सुरू होते ती हाच गूळ शीतगृहात गेल्यावर, जेव्हा त्याचा हिशोब वहीऐवजी संगणकातील गोदाम व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवला जातो आणि त्या सॉफ्टवेअरला एकच रकाना ठाऊक असतो.

जो माल नगावर हाताळला जातो, पण ज्याचे पैसे वजनावर होतात आणि ज्याचा प्रत्येक नग वेगळ्या वजनाचा असतो, अशा मालाला या व्यवसायात ‘कॅच वेट’ म्हणतात. अख्खी सुरमई, सोललेली कोंबडी, चीजचे चाक, बोकडाचे धड हे सगळे याच जातीचे. साबणाच्या खोक्यात वड्या किती हे कारखान्यात ठरलेले असते, त्यामुळे एक खोके म्हणजे ७२ वड्या असे एकदा नोंदवले की ते समीकरण बदलत नाही. गुळाचा रवा म्हणजे किती किलो, या प्रश्नाला मात्र ‘कोणता रवा?’ हेच खरे उत्तर आहे. बहुतेक साधी सॉफ्टवेअर साबणाच्या खोक्यासाठी लिहिलेली असतात आणि गुळालाही तोच नियम लावतात. एक रवा म्हणजे ३० किलो, असे एकदा लिहून टाकले की पुढच्या सगळ्या चुका त्या एका ओळीतून जन्माला येतात.

त्या चुका कशा जन्मतात ते दहा रव्यांवर पाहू. समजा दहा रवे आले आणि सॉफ्टवेअरने सरासरी धरून ३०० किलो जमा केले, तर प्रत्यक्षात त्यांचे वजन २९६.८५ किलो होते. त्यातील नऊ रवे विकले गेले आणि विक्री अर्थातच काट्यावरच्या वजनाने, म्हणजे २६७.१५ किलोंची झाली. आता पडद्यावर एक रवा आणि ३२.८५ किलो शिल्लक दिसतात, पण रॅकवर उभा असलेला तो एकटा रवा २९.७० किलोंचा आहे. तो गेल्यानंतर पडद्यावर शून्य रवे आणि ३.१५ किलो गूळ उरतो. हा गूळ कोठेच नसतो, तरी त्याची किंमत ताळेबंदात माल म्हणून उभी राहते, आणि असे दहा-दहा रवे वर्षभर येत-जात राहिले की हा नसलेला गूळ टनांत मोजावा लागतो.

उलट बाजू याहून त्रासदायक आहे. दहा रव्यांचे खरे वजन ३०४ किलो असेल आणि नऊ रवे २७३.९० किलो भरून गेले असतील, तर पडद्यावर २६.१० किलो उरतात, तर समोरचा रवा ३०.१० किलोंचा असतो. तो गाडीत चढवायला गेल्यावर सॉफ्टवेअर ‘पुरेसा साठा नाही’ असे सांगून अडवते. गाडी दारात, चालक घाईत, माल डोळ्यांसमोर, आणि नोंद होत नाही. अशा वेळी गोदामातील माणूस चार किलो गूळ ‘जादा सापडला’ असे नोंदवून मोकळा होतो. त्याला दोष देता येत नाही, कारण मार्गच दुसरा नसतो, पण त्या दिवसापासून ‘जादा सापडला’ या नोंदीचा अर्थ कायमचा पुसला जातो आणि पुढे खरोखरच माल गहाळ झाला तर तो याच नोंदींच्या गर्दीत दडतो. माझ्या मते सरासरी वजनावर चालणाऱ्या गोदामाचे सर्वांत मोठे नुकसान हेच आहे. तीन-चार किलोंचा फरक सोसता येतो, परंतु फरकाचे कारण ओळखण्याची सोय गेली की ती परत मिळवता येत नाही.

यावर उपाय जुन्या वहीतलाच आहे : दोन रकाने. प्रत्येक साठ्याची नोंद एकाच वेळी दोन आकड्यांत ठेवायची, नग किती आणि वजन किती, आणि एकावरून दुसरा आकडा गुणाकाराने काढायचा नाही. मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय वेगवेगळ्या नावांनी मिळते. एसएपीमध्ये तिला समांतर एकक म्हणतात. मायक्रोसॉफ्ट डायनॅमिक्समध्ये कॅच वेट म्हणून नोंदवलेल्या वस्तूला हाताळणीचे एकक आणि वजनाचे एकक अशी दोन्ही जोडलेली असतात आणि दर नगामागे किमान व कमाल वजनाची मर्यादा घालता येते. नाव काहीही असो, तत्त्व असे की गोदामातील माणूस नगावर काम करतो, हिशोबनीस वजनावर करतो, आणि कोणालाही दुसऱ्याच्या एककात बोलण्याची सक्ती होत नाही.

याचा अर्थ सरासरी वजन निरुपयोगी ठरते असा नाही. पुढच्या आठवड्यात येणाऱ्या ४०० रव्यांना किती जागा लागेल, गाडीत किती रवे चढवता येतील, गिऱ्हाईकाला साधारण किती रकमेचा अंदाज द्यावा, या सगळ्यांसाठी सरासरीच लागते, कारण तेव्हा माल अजून काट्यावर चढलेलाच नसतो. माल पुढे येईपर्यंत सरासरी वापरावी आणि काट्यावर चढल्याक्षणी तिची जागा खऱ्या वजनाने घ्यावी. सरासरीचा आकडा एकदा खऱ्या साठ्यात शिरला की तो ओळखू येत नाही, म्हणून अंदाजाचे वजन आणि तोललेले वजन यांची खूण सॉफ्टवेअरमध्ये वेगळी असलीच पाहिजे.

पुढचा प्रश्न असा की खरे वजन कोणत्या पातळीवर ठेवायचे. एक रीत म्हणजे प्रत्येक नगाला स्वतःची चिठ्ठी आणि स्वतःचे वजन. दुसरी म्हणजे संपूर्ण लॉटचे, म्हणजे एका खेपेत आलेल्या मालाचे, एकत्र वजन आणि सोबत नगांची संख्या. दुसरी रीत सोपी आणि स्वस्त आहे : शंभर रवे आले, २,९७० किलो भरले, संपले. पण त्यातून वीस रवे बाहेर काढताना ते पुन्हा तोलावेच लागतात आणि उरलेल्या ऐंशींचे वजन वजाबाकीने काढले जाते, म्हणजे प्रत्येक तोलण्यातली चूक शेवटच्या रव्यांच्या माथी बसते. पहिल्या रीतीत आवक होताना मेहनत जास्त पडते, कारण शंभर रवे शंभर वेळा काट्यावर ठेवून शंभर चिठ्ठ्या चिकटवाव्या लागतात. त्यानंतर मात्र कोणता रवा गेला हे स्कॅनरने कळले की त्याचे वजनही कळते. माल महाग असेल, नगानगात फरक मोठा असेल किंवा तो वारंवार सुट्या नगांत बाहेर जात असेल, तर ही मेहनत वाया जात नाही. संपूर्ण लॉट एकाच व्यापाऱ्याकडे एकाच गाडीतून जाणार असेल, तर ती उगाच खर्चाची आहे.

चिठ्ठीवरचा बारकोड येथे नीट समजून घ्यावा लागतो. व्यापारी मालाच्या खोक्यांवर वापरल्या जाणाऱ्या जीएस१ पद्धतीच्या लांब बारकोडमध्ये एकापाठोपाठ एक माहितीचे तुकडे असतात आणि प्रत्येक तुकड्याआधी तो कशाचा आहे हे सांगणारा क्रमांक असतो. ०१ नंतर वस्तूची १४ अंकी ओळख येते आणि बदलत्या वजनाच्या मालासाठी ती ९ या अंकाने सुरू होते. १० नंतर लॉट येतो, १७ नंतर वापराची अंतिम तारीख. निव्वळ वजन किलोमध्ये सांगणारा क्रमांक चार अंकी असून तो ३१० ने सुरू होतो, आणि त्याचा चौथा अंक पुढच्या सहा आकड्यांत दशांशचिन्हानंतर किती घरे आहेत ते सांगतो. म्हणजे ३१०२ आणि त्यापुढे ००२९७० असे छापले असेल, तर दोन घरे धरून वजन २९.७० किलो. तेच सहा आकडे ३१०३ नंतर आले, तर तीन घरे धरून २.९७० किलो. सॉफ्टवेअर बसवणाऱ्याने हा चौथा अंक न वाचता सरसकट तीन घरे धरली, तर एका पुरवठादाराचा माल बरोबर जमा होतो आणि दुसऱ्याचा दहापट हलका. म्हणून नव्या पुरवठादाराची पहिली गाडी स्कॅनरने आणि काट्याने अशी दोन्हीकडून पडताळून घेणे, ही मी कधीही न सोडलेली सवय आहे.

आता चूक पकडण्याविषयी. किमान-कमाल मर्यादा, समजा २६ ते ३४ किलो, ही मोठी चूक पकडते : कोणी २९७ टाकले की सॉफ्टवेअर थांबवते. लहान चूक मात्र तिच्यातून सहज सुटते. एका शीतगृहात मी या कामासाठी बसलो असताना आवक नोंदवणारा मुलगा काट्याकडे पाहून आकडे हाताने टाकत होता. थंडीने त्याची बोटे आखडली होती, हातमोजे जाड होते, आणि २९.७० च्या जागी २७.९० असे अंक उलटे पडले. २७.९० हा आकडा मर्यादेच्या आतच असल्यामुळे सॉफ्टवेअरने तो निमूटपणे स्वीकारला. चूक कळली ती तीस रव्यांचे पॅलेट, म्हणजे माल रचलेली फळी, जमिनीवरच्या मोठ्या काट्यावर नेल्यावर, कारण बारदान, म्हणजे पॅलेट-क्रेटचे वजन, वजा करूनही तेथील वजन आणि तीस चिठ्ठ्यांची बेरीज यांत पावणेदोन किलोंहून जास्त फरक येत होता. त्या दिवसापासून तेथे दोन गोष्टी बदलल्या : काटा तारेने सॉफ्टवेअरला जोडून वजन हाताने टाकणे बंद केले, आणि प्रत्येक पॅलेटच्या बेरजेची मोठ्या काट्याशी तुलना केल्याशिवाय ते पॅलेट रॅकवर चढवायचे नाही असे ठरवले. दुसरा नियम अधिक मोलाचा आहे, कारण काट्याची तार निघाली तरी तो चालू राहतो.

काट्याचा विषय निघालाच आहे, तर बारदानाकडेही पाहावे. वैधमापनशास्त्राच्या कायद्यानुसार व्यापारातील इलेक्ट्रॉनिक काट्याची ठरलेल्या मुदतीत पडताळणी करून त्यावर शिक्का घ्यावा लागतो आणि बहुतेक गोदामे ते करतात. पण शिक्का काट्याची खात्री देतो, त्यावर ठेवलेल्या क्रेटची देत नाही. क्रेट ओला असेल, लाकडी पॅलेटने पाणी प्यायले असेल, तर सॉफ्टवेअरने वजा केलेले ठराविक बारदान खोटे ठरते. काट्याच्या भागांकामुळे, म्हणजे काटा दाखवू शकतो त्या सर्वांत लहान टप्प्यामुळे, येणारा फरक कधी वर, कधी खाली असतो आणि शंभर नगांत तो बराचसा आपसांत फिटतो. बारदानाची चूक मात्र नेहमी एकाच दिशेने पडते. दर रव्यामागे ५० ग्रॅम म्हटले तरी शंभर रव्यांत ५ किलो होतात आणि त्यातला एक ग्रॅमही फिटत नाही. म्हणून बारदानाचे वजन वस्तूच्या नोंदीत एकदाच कोरून न ठेवता, पॅलेट आणि क्रेट वेळोवेळी तोलून ते बदलता येईल अशी सोय सॉफ्टवेअरमध्ये असावी.

विक्रीच्या बाजूला एक गणित आहे, ज्याचा विचार आधी न केल्याने पुष्कळ ठिकाणी भांडणे होतात. गिऱ्हाईक दहा रवे मागत असेल तर काम सोपे आहे : दहा रवे काढा, तोला, जेवढे भरतील तेवढ्याचे बिल करा. पण त्याने ३०० किलो गूळ मागितला आणि करारात वजन दोन टक्के कमी-जास्त चालण्याची सूट असेल, तर माल २९४ ते ३०६ किलोंच्या दरम्यान बसला पाहिजे. समजा आपल्या लॉटचा प्रत्येक रवा जवळजवळ २९.१० किलोंचाच आहे. दहा रव्यांचे २९१ किलो होतात, म्हणजे कमी, अकरांचे ३२०.१० होतात, म्हणजे जास्त. ही मागणी त्या लॉटमधून पुरी होऊच शकत नाही, मग माल काढणारा कितीही हुशार असो. कारण उघड आहे : सुटीची रुंदी १२ किलो, आणि एक नग त्याच्या दुपटीहून मोठा. जेथे नग फोडायचा नाही, तेथे दोन्ही बाजूंची सूट निदान अर्ध्या नगाएवढी हवी. येथे ती साधारण १५ किलो, म्हणजे पाच टक्के होते. हे विक्री करणाऱ्याने करार करतानाच पाहावे, गोदामातल्या माणसावर ढकलू नये.

रवे निवडताना आणखी एक मोह होतो. वजन अचूक जुळावे म्हणून सॉफ्टवेअर साऱ्या गोदामातून हवे तसे रवे शोधून देऊ शकते, पण मग नव्या लॉटचे रवे आधी निघतात आणि जुने मागे राहतात. खाण्याच्या मालात हे चालत नाही. आधी जुना लॉट ठरवावा आणि त्याच्या आतच वजन जुळवावे. बिल मात्र माल काढून तोलल्यानंतरच तयार व्हावे, मागणी नोंदवताना नव्हे. जीएसटीच्या बीजकात मालाचे प्रमाण आणि किंमत, तर ई-वे बिलात किंमत लिहावी लागते, आणि अंदाजाच्या वजनावर ही दोन्ही आधीच काढून ठेवली तर प्रत्येक गाडीमागे दुरुस्तीची कागदपत्रे करत बसावे लागते.

आणि आता घट. या विषयातला सर्वांत कठीण आणि मला सर्वांत जिव्हाळ्याचा भाग हाच आहे, कारण येथे माल कोणीही न हलवता बदलत असतो. गूळ हवेतली ओल ओढून घेतो, पावसाळ्यात पाझरतो आणि कोरड्या थंडीत आकसतो. म्हणजे त्याचे वजन घटतेच असे नाही, वाढूही शकते. चीजचे उदाहरण अधिक स्वच्छ आहे. इटलीतले पार्मिजानो रेज्जानो चीज किमान १२ महिने मुरवावे लागते आणि सुमारे ४० किलोंचे त्याचे चाक मुरताना पाणी गमावत राहते. तेथील क्रेडेम ही बँक अशी चाके तारण ठेवून चीज बनवणाऱ्यांना कर्ज देते आणि ती आपल्या गोदामांत सांभाळते. प्रत्येक चाकाच्या सालीवर केसिन या दुधातल्या प्रथिनाची छोटी पट्टी रुतवलेली असते आणि तिच्यावर त्या चाकाचा स्वतंत्र क्रमांक असतो. वजन उतरत राहिले तरी चाक तेच आहे हे त्या क्रमांकाने सिद्ध होते. आपल्या भाषेत सांगायचे तर नग स्थिर आहे, वजन वाहते आहे, आणि दोन रकान्यांची गरज याहून चांगली कोठे दिसेल असे मला वाटत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये यासाठी नगसंख्येला हात न लावता फक्त वजन बदलणारी नोंद करता आली पाहिजे आणि प्रत्येक नोंदीला कारण जोडलेले असले पाहिजे. सुकल्यामुळे झालेली घट, दोन काट्यांतील फरक, आणि ज्याचे कारण सापडले नाही असा फरक, ही तीन कारणे कधीही एकत्र करू नयेत. पहिल्याचा वर्षभराचा अनुभव जमला की कोणत्या मालात किती महिन्यांत साधारण किती घट येते याचा आकडा हाती येतो आणि त्याहून जास्त घट आली की चौकशी करता येते. पैशांच्या बाजूने पाहता, शंभर रवे २,९७० किलोंचे ४० रुपये किलोने घेतले तर किंमत १,१८,८०० रुपये झाली. एक टक्का घट येऊन २,९४०.३० किलो उरले, तर पैसे तेवढेच गेलेले असल्यामुळे किलोमागे पडता भाव सुमारे ४० रुपये ४० पैसे होतो. नेहमीची घट अशी भावात सामावून घ्यायची आणि नेहमीपेक्षा जास्त झालेली घट तोटा म्हणून वेगळी दाखवायची, ही वाजवी रीत आहे. ती कोठे कशी लावायची हे सॉफ्टवेअर बसवण्याआधी आपल्या सीएशी बोलून ठरवावे, कारण नंतर बदलायचे म्हणजे मागचे सारे महिने उपसावे लागतात.

साठा मोजणीत दोन्ही रकान्यांना एकच वेळापत्रक लावू नये. नग रोज मोजता येतात, कारण त्याला स्कॅनर आणि दहा मिनिटे पुरतात. वजन मात्र पाळीपाळीने थोड्या पॅलेटांचे घ्यावे, आणि जो माल जास्त दिवस पडून आहे त्याचे आधी. नग जुळत असतील आणि वजन हळूहळू उतरत असेल तर ती घट आहे. नगच जुळत नसतील तर माल हरवला आहे. एका रकान्यावर चालणाऱ्या गोदामाला हा फरक दिसतच नाही.

शेवटी सुरुवातीच्या साठ्याविषयी, कारण नवे सॉफ्टवेअर बसवताना बहुतेकांची घाई येथे होते. जुन्या पद्धतीतून आलेल्या आकड्यांवर ‘इतके रवे गुणिले ३०’ असे करून साठा भरला, तर वर वर्णन केलेला नसलेला गूळ पहिल्याच दिवशी नव्या घरात राहायला येतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास गुळाचा नवा हंगाम सुरू होण्याआधी शीतगृह सर्वांत रिकामे असते. तो आठवडा निवडावा, दोन हमाल आणि एक मापाडी जादा लावावा, असेल नसेल तो प्रत्येक रवा काट्यावर चढवून त्यावर नवी चिठ्ठी लावावी, आणि जुन्या वहीतील वजनाशी जो फरक निघेल तो एकाच नोंदीत, त्या तारखेला, मालकाच्या सहीने लिहून टाकावा.